डॉ. रुस्तम जाल वकील : रक्तदाबावर सर्पगंधा तपासून पाहणारे डॉक्टर



आपल्या देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर मुलांना नेलं, की वर पोचल्यावर सगळी जण टेकतात. मग एखादं मूल झटकन उठतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. दोन-तीन सेकंदांत ती जातेही. ती कोण घालवतं? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. त्याच्या उत्तरातूनच आज आपल्याला मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांची ओळख करून घ्यायची आहे.

आपण उठलो की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि वरचा दाब घसरतो. मानेतल्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतांची टोकं असतात. ती ही खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला पोचवतात. तिथून चेतांमार्फत हुकूम सुटतो : हृदया, जोरात चाल, रक्तवाहिन्यांनो, आवळा. दाब पुन्हा जागेवर येतो. दाब वाढला तर याच्या उलट घडतं. हे सगळं आपल्या नकळत, दिवसरात्र चालू असतं.

मग काही माणसांचा रक्तदाब कायमचा वाढलेला का राहतो? याचं एक कारण असं, की दाब बराच काळ चढा राहिला तर ही टोकं त्यालाच सरावतात आणि वाढलेला दाबच नेहमीचा समजू लागतात. म्हणून तक्रार होत नाही, दुखत नाही, आणि आतून मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंडं यांचं नुकसान होत राहतं.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाचं उच्च शिक्षण घेतलं आणि मुंबईत परत येऊन हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं. के.ई.एम. रुग्णालयाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचं औषध जवळजवळ नव्हतंच. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगता यायचं. काही ठिकाणी तर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या चेताच शस्त्रक्रियेनं कापून टाकत.

आपल्याकडे मात्र सर्पगंधेचं मूळ शतकानुशतकं वापरात होतं. साप चावल्यावर, झोप येत नसेल तर, मन भ्रमलं तर लोक ते देत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळामुळे रक्तदाबही उतरतो असं लिहिलं होतं. पण जगानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

वकील यांनी इथे खरं मोलाचं काम केलं. पूर्वजांनी सांगितलं म्हणून खरं, असं ते म्हणत बसले नाहीत. आणि जुनं म्हणून टाकाऊ, असंही त्यांनी मानलं नाही. त्यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधा दिली, दाब मोजला, नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा दाब उतरलेला दिसला. हा अभ्यास १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. तो वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही हे औषध वापरून पाहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातलं रेसर्पीन हे द्रव्य वेगळं काढलं.

रेसर्पीन काम कसं करतं, हे पुढे उलगडलं. रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम चेतेच्या टोकापर्यंत येतो, तेव्हा तिथून नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि रक्तवाहिनीला निरोप देतं. रेसर्पीन त्या टोकातला हा साठाच हळूहळू रिकामा करतं. म्हणजे पोस्टमन दारात येतो, पण त्याच्या पिशवीत पत्रच नसतं! निरोप मिळत नाही, रक्तवाहिनी सैल राहते, दाब उतरतो.

या कामासाठी वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तसंच पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. १९७४ साली त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपवली तर मात्र ती अर्धीच राहील. चेता फक्त रक्तवाहिन्यांनाच निरोप देत नाहीत, मेंदूचं कामही अशाच रसायनांवर चालतं. त्यामुळे रेसर्पीन घेणाऱ्यांना नाक चोंदणं, सुस्ती असे त्रास होत आणि काही जणांना खोल उदासी येई. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि रेसर्पीन मागे पडलं. म्हणून पालकहो, नैसर्गिक आहे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून सर्पगंधेची पूड घरी सुरू करू नका. आणि आजी-आजोबांची रक्तदाबाची गोळी, आता बरं वाटतंय म्हणून, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. बरं वाटणं म्हणजे दाब ठीक असणं नव्हे, हे आपण वर पाहिलंच. दाब मोजल्याशिवाय कळत नाही.

वर्गात करून पाहा : मुलांना पाच मिनिटं शांत बसवा आणि मनगटावरची नाडी मिनिटभर मोजायला सांगा. मग उभं राहून लगेच पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. बहुतेकांची नाडी उभं राहिल्यावर वाढलेली दिसेल. मस्तिष्कपुच्छाचा हुकूम हृदयापर्यंत पोचल्याची ती खूण. आणि ऐकलेलं तपासायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं, ही वकील यांची सवयही मुलांच्या हाताला लागेल.