पैठणचे शांतिब्रह्म

भाविकहो, नाथमहाराज लहानपणीच पोरके झाले. आजोबा चक्रपाणींनी सांभाळले. देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा करून ते पैठणास परतले. सांगतात, श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांस वाढले, म्हणून ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. गोदास्नान करून येताना एकजण वारंवार अंगावर थुंके. नाथ न रागावता पुन्हा गंगेवर जात. भागवत मराठीत का, म्हणून काशीतही विरोध झाला. तरी तेथेच १५७३ साली ग्रंथ पुरा केला. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस देह ठेवला. आजही नाथषष्ठीला दिंड्या पैठणास येतात. छळ झाला, पण नाम सुटले नाही. मग लोकांचे चार शब्द ऐकून आपण माळ खाली ठेवावी काय?