रोझेलचा उन्हाळा

कै. डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की फिलाडेल्फिया आणि १८८६ ची पदवी आठवते. त्याआधीचा एक उन्हाळा मात्र सहसा कोणाच्या ध्यानी नसतो.

पती गोपाळराव टपाल खात्यात. त्यांच्या बदल्यांपायी कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी बिऱ्हाडे झालेली. तरी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत चढताना पती सोबत नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा वय अवघे अठरा. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरी नेले. दंतवैद्याकडे खोळंबल्या असता एका मासिकात गोपाळरावांचे पत्र या बाईंच्या वाचनात आले होते; तेवढ्यावरून पत्रव्यवहार जुळला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

महाविद्यालय उघडेपर्यंतचे सुमारे चार महिने त्या या घरी राहिल्या. शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. यजमानीणबाईंनीही त्यासाठी अडवले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. परप्रांती पहिले बिऱ्हाड थाटलेल्या आपल्यापैकी कित्येकांना अशी एखादी मावशी आठवेल.

ऑक्टोबरात फिलाडेल्फिया, पुढे कडाक्याची थंडी आणि आजारपण. पदवी मिळाली, पण प्रकृती गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.