वडिलांच्या दोन याद्या

एरंडोलहून उत्तरेला तापी ओलांडून चोपडा तालुक्यात गेले की अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव लागते. तिथले पाणी मुळातच गरम. अशा पाण्याखाली जमिनीत काय दडले आहे, हे न खणता जाणण्यासाठी आज भूकंपलहरींचा उपयोग होतो. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम.

त्यांचा जन्म 1858 मध्ये डब्लिनला झाला. वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख. 1878 मध्ये ते वारले, तेव्हा देशातील गरम झऱ्यांची यादी आणि भूकंपांची यादी, ही दोन्ही कामे छापायची राहिली होती. पुढच्याच वर्षी रिचर्ड याच संस्थेत रुजू झाले. वडिलांचे कागद लावून त्यांनी 1882 मध्ये सुमारे 300 झऱ्यांची आणि 1883 मध्ये भूकंपांची यादी प्रसिद्ध केली.

12 जून 1897 रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. रिचर्ड यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. दूर इटलीतील यंत्रांनीही हा धक्का टिपला होता. अशा नोंदींत त्यांना तीन लहरी वेगळ्या ओळखता आल्या: सर्वांत आधी पोहोचणारी प्राथमिक, तिच्यामागून येणारी दुय्यम आणि शेवटी पृष्ठभागावरून येणारी.

प्रकृती साथ देईना म्हणून 1903 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. अभ्यास सोडला नाही. डॉक्टर छातीवर बोटाने ठोकून आत पाणी साचले आहे का ते ओळखतात. तसेच काहीसे करून, लहरींना लागलेल्या वेळावरून, पृथ्वीला वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे हे त्यांनी 1906 मध्ये दाखवले. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

दुय्यम लहर द्रवातून जात नाही; भेगाळलेल्या, पाणी भरलेल्या खडकात ती मंदावते. म्हणून एखाद्या भागातील लहान लहान धक्क्यांच्या नोंदी एकत्र केल्या की सीटी स्कॅनसारखे भूगर्भाचे चित्र मिळते. अर्थात, स्कॅनने संशयाची जागा कळते. उष्णता खरोखर किती, हे खोल बोअर घेतल्यावरच ठरते.

नर्मदा-तापी पट्ट्यात गरम झरेही आहेत आणि भूकंपही होतात. वडिलांच्या त्या दोन याद्या इथे शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.