बाळंतिणीला विचारणारा माणूस : र. धों. कर्वे

पेडणे-डिचोलीकडच्या आमच्या घरांत बाळंतिणीचे कौतुक मोठे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बारसे, सगळे यथासांग. पुढचे मूल केव्हा, की नकोच, हे मात्र तिला कुणी विचारत नसे. आमच्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणी अंगावरचे मूल सुटण्याआधीच पुन्हा गरोदर राहिल्या, काही त्यातच गेल्या. म्हणून यंदा रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण. गणपतीच्या स्मरणिकेत एका कट्टर नास्तिकाचे चरित्र, याचे कुणाला नवल वाटेल. बुद्धिदात्याला वाटू नये.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्यांच्या पुढच्या सगळ्या कार्याचे मूळ या एकाच दुःखात शोधू नये, पण ते विसरूनही त्यांचे चरित्र वाचता येत नाही.

पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. कॉलेजला हे रुचले नाही आणि १९२५ साली नोकरी गेली. पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बचावाला डॉ. आंबेडकर होते, तरी दंड भरावा लागलाच. कर्व्यांची भाषा बोचरी होती, हे खरे. गोड बोलले असते तर शत्रू कमी झाले असते, असे आम्हांला वाटते.

आज आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यांत सुनेला प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवून घेता येते. इंजेक्शन आहे, शस्त्रक्रिया आहे. पाळी सुरू झाली नसेल आणि बाळ केवळ अंगावरच पीत असेल, तर पहिले सहा महिने बऱ्यापैकी संरक्षण मिळते. पण नुसत्या त्या भरवशावर पुढे राहू नये. यातले काय घ्यायचे ते तिने ठरवायचे, सासूने नव्हे. पुरुषाची नसबंदी त्याहून सोपी असते, पण आमच्या घरांत तिचे नाव अजून कुणी काढत नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला.