जावाची फ्रेम कुठल्या सालची? फ्रांतिशेक यानेचेकचं आयुष्य वाचलं की कळतं

जावा म्हटलं की माझ्या डोक्यात आधी प्रोग्रामिंगची भाषा येते. सोलापूरच्या माझ्या काकांच्या डोक्यात मात्र मोटरसायकलच येते. गेल्या महिन्यात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका फ्रेमचा फोटो पाठवला. होटगी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये पडलेली, इंजिन नसलेली, गंजकी चासी. विकणाऱ्याचं म्हणणं, ही 1940 ची आहे, खुद्द कंपनीच्या मालकाच्या हयातीतली, चेकोस्लोव्हाकियाहून आलेली. म्हणून किंमतही तशीच. काकांनी विचारलं, घेऊ का?

मी आधी तो मालक कोण होता हे शोधायला बसलो.

फ्रांतिशेक यानेचेकचा जन्म 23 जानेवारी 1878 चा, बोहेमियातला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. काही वर्षं नोकरी केली, कामानिमित्त हॉलंडमध्ये राहिला आणि मग प्रागमध्ये स्वतःचं वर्कशॉप काढलं. पहिलं महायुद्ध आलं आणि त्याची गाडी शस्त्रांच्या धंद्याकडे वळली. हातबॉम्बच्या रचनेत त्याने सुधारणा केल्या, पेटंट घेतली आणि पुढे स्वतःचा शस्त्रांचा कारखाना उभा केला.

पण युद्ध संपल्यावर शस्त्रांना गिऱ्हाईक किती दिवस राहणार? ऑर्डरी आटायला लागल्या. कारखाना होता, मशिनं होती, कारागीर होते. बनवायचं काय, हा प्रश्न होता. यानेचेकने मोटरसायकल निवडली. स्वतः शून्यातून डिझाइन करण्यात वेळ घालवला नाही. जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडे 500 सीसीची एक तयार गाडी होती, तिचं लायसन्स त्याने विकत घेतलं. आपण आज तयार लायब्ररी उचलून अ‍ॅप बनवतो, तसंच. 1929 मध्ये गाडी आली. यानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा', मिळून जावा. (चेक लोक 'यावा' म्हणतात. आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून 'जावा' केलं.)

तयार लायब्ररीतले बग मात्र आपल्याच गळ्यात पडतात. या पहिल्या जावाची फ्रेम नळ्यांची नव्हती, दाबून आकार दिलेल्या पत्र्याची होती. मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. दिसायला भारी, पण महाग, आणि बिघाडही निघाले. त्यात नेमकी जागतिक मंदी सुरू झाली. जेमतेम हजारभर गाड्या बनल्या.

इथे तो हट्टाला पेटला असता तर आज जावा हे नाव कुणाला माहीत नसतं. त्याने इंग्लंडहून जॉर्ज पॅचेट नावाचा इंजिनिअर बोलावला आणि 1932 मध्ये विलियर्स कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन लावून 175 सीसीची साधी, हलकी, स्वस्त गाडी काढली. ती धडाधड खपली. वाँडररची गाडी मागे पडली, नावातला 'वा' तेवढा राहिला. पुढे कंपनीने छोट्या मोटारीही बनवल्या. 1939 मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, कारखाना त्यांच्या कामाला जुंपला गेला. 4 जून 1941 ला यानेचेक वारला. देश स्वतंत्र झालेला त्याने पाहिलाच नाही.

आता काकांच्या फोटोकडे या. फोटोतल्या फ्रेमला इंजिनच्या मागे एक बिजागरीसारखा जोड आहे. त्यावर मागचा हात वर-खाली होतो आणि दोन बाजूंना दोन शॉकअप बसतात. म्हणजेच स्विंगआर्म. यानेचेकच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांनी जर्मनांची नजर चुकवून युद्धकाळात जी गाडी तयार केली, ती 'पेराक', 1946 मध्ये जगासमोर आली. तिच्याही मागे स्विंगआर्म नव्हता. चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळ्यांत स्प्रिंग होत्या. 250 सीसी जावाला स्विंगआर्म आला तो 1954 मध्ये, 353 मॉडेलवर. मालक जाऊन 13 वर्षं झाल्यावर! म्हणजे 1940 चा दावा फोटोवरूनच बाद.

राहिला प्रश्न चेक की भारतीय? मुंबईचे रुस्तम इराणी आधी जावा आयात करायचे. मग फारुख इराणींसोबत त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा काढली, तिथे 1961 पासून हेच मॉडेल बनायला लागलं. रंग काढलेल्या दोन फ्रेम शेजारी ठेवल्या तर फोटोवरून ओळखणं माझ्या आवाक्याबाहेरचं. इथे नंबरच पाहिजे.

काकांना सांगितलं, हँडलची नळी रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात मारू नका, खोदलेले आकडे पुसट झाले तर संपलं. फोनचा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा, म्हणजे आकड्यांच्या खाचांत सावली पडते आणि फोटोत ते उठून दिसतात. शिवाय वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तशी. आणि आरसी बुक पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद अ‍ॅपवर सापडेलच असं नाही, आणि नंबर जुळला नाही तर गाडी आयुष्यात नावावर होत नाही.

दोन दिवस विकणारा आरसी शोधतोय म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी मिळाली. पेन्सिलचा ठसा आणि आरसीतला आकडा तंतोतंत जुळला. वर्ष 1968, बनवणारी कंपनी आयडियल जावा, म्हैसूर.

काकांनी निम्म्या किमतीत फ्रेम घेतली. आता ते इंजिन शोधतायत, आणि फोटो मला पाठवतायत.