लोखंडी नांगर आणि माळावरचे गाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

देवणी म्हटले की लोकांना देवणी जातीचे बैल आठवतात. त्या बैलांमागे चालणारा लोखंडी नांगर महाराष्ट्रात कुणी घडवला, हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. म्हणून आज आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी लिहीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. गुण असून डावलले जाणे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान होतेच. तिथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. पत्नी राधाबाई मुलाबाळांसह त्याच माळावर राहायला आल्या. पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा, रंग सगळ्यांचीच टंचाई झाली, तरी कारखाना टिकला.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती वसाहतीची रीत. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. तुरुंगातून सुटलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. इंग्रज सरकार जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवत होते, तो हा काळ. त्या काळात डाग लागलेल्या माणसाच्या भरवशावर कारखाना सोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

घरातील पुढच्या पिढीनेही वारसा वाढवला. मुलगा शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून इंजिनिअर होऊन आले आणि पुढे त्यांनी पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना उभारला. पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके काढली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. तोही पुन्हा उभा राहिला.

तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा. किर्लोस्करवाडीचे दार उघडे होते ते मालकाच्या चांगुलपणामुळे. मालक बदलला, त्याचे मन बदलले, तर? शेजारच्या गावातला पाणवठा त्या नियमाने खुला होत नव्हता. त्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागला आणि १९५० पासून संविधानाचे कलम १७ लागू व्हावे लागले. सद्भावनेचे आम्ही स्वागत करतो. पण जे हक्काने मिळते, ते कुणाच्या मर्जीने जात नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर अठराच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. एका माणसाने आपल्या वसाहतीपुरती अस्पृश्यता बंद केली होती. इथे लाखोंनी तिचा आधारच नाकारला.

आमच्या तालुक्यातील मुले आयटीआय करून पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. लक्ष्मणरावांकडून त्यांनी जिद्द घ्यावी, हाताने काम करण्याचा अभिमान घ्यावा, आपला छोटा कारखाना काढण्याचे स्वप्नही घ्यावे. आणि उद्या मालक झालात, तर आपल्या कारखान्यात माणसाला जात विचारू नका. मात्र कामगार म्हणून उभे असाल, तर उपकाराची वाट पाहू नका. नियुक्तीपत्र मागा, पगाराची पावती मागा.

जयभीम.