विषयाची ओळ आणि डेबूजींचा खराटा

जाहिरातीच्या ई-मेलचे भवितव्य आज एका ओळीत ठरते. मजकूर उघडण्यापूर्वी वाचकास दिसते ती पाठविणाऱ्याचे नाव आणि विषयाची ओळ. ती फसली की आतील सारी मेहनत व्यर्थ जाते. म्हणून ती ओळ थोडक्यात असावी, मोबाइलच्या पडद्यावर पुढचे शब्द कापले जातात यास्तव कामाचा शब्द आरंभीच यावा, आणि आत जे आहे त्याचेच सूचन तीत असावे, असे नियम सांगितले जातात. यांपैकी अखेरचा नियम सर्वांत कमी पाळला जातो. अंतिम संधीची हाकाटी करीत दर आठवड्यास येणाऱ्या पत्राकडे तिसऱ्या खेपेस कोणी ढुंकूनही पाहत नाही.

संतचरित्र या बाजारी विद्येच्या पंक्तीस बसविणे काहींना रुचणार नाही. परंतु अनोळखी माणसाचे लक्ष कसे वेधावे आणि वेधल्यावर त्याचा विश्वास कसा राखावा, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे; आणि त्याचे उत्तर दर्यापूरच्या परिसराने फार पूर्वी पाहिले आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, तेव्हाच्या दर्यापूर तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास माहेरी आली, आणि गुरे राखता राखता डेबूजी शेतकरी झाले. शाळा अशी घडली नाहीच. मुलीच्या बारशास दारू-मटणाचे जेवण द्यावे ही भाऊबंदांची रीत; डेबूजींनी पंगतीस गोड जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण बातमी पंचक्रोशीत गेली. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

पुढील पन्नास वर्षे त्यांचा क्रम बहुधा एकच राहिला. अंगावर चिंध्यांचा झगा, हाती खराटा आणि फुटके गाडगे अशा वेषात हा माणूस गावात शिरे आणि कोणाशी न बोलता गटारे व रस्ते झाडू लागे. हा कोण, झाडतो कशासाठी, हे कुतूहल गावभर पसरे. रात्री कीर्तनास माणसे मावत नसत. येथेच त्यांचे मर्म आहे. खराटा ही केवळ लक्ष वेधण्याची युक्ती असती तर दुसऱ्या गावी ती उघडी पडली असती. रात्रीचे कीर्तनही घाण काढण्याचेच असे: कर्ज काढून केलेले सण, दारू, देवापुढची पशुहत्या, शिवाशीव. आरंभ वऱ्हाडीतल्या साध्या प्रश्नाने होई; त्याचे उत्तर मजुरासही देता येई, आणि स्वतः दिलेले उत्तर श्रोत्यास नाकारता येत नसे. ताट मोडावे, भाकरी हातावर खावी, पण मुलांस शिकवावे, हे शिक्षणावरील व्याख्यानांपेक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहिले.

नावाचे वजनही त्यांनी कामानेच मिळविले. दर्यापूरनजीक पूर्णेच्या काठी ऋणमोचनची यात्रा भरते. तेथे यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून त्यांनी घाट बांधविला. नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखोंच्या देणग्या आल्या, तरी त्यांची भाकरी गाडग्यातच राहिली. पाया पडू देणे नाही, शिष्य करणे नाही. कीर्तन संपताच ते गर्दीतून निसटत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली.

अमरावतीकडे येत असता २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे देहावसान झाले. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.